गोळी चालू असताना

माझं तोंड फटकळ आहे, हे मला कुणी वेगळं सांगायला नको. मी चष्म्याच्या दुकानात काम करते आणि गिऱ्हाइकांशी गोडच बोलते. पण अडतिसाव्या वर्षी हनुवटीवर वाटाण्याएवढे फोड घेऊन रोज परक्या माणसांच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर उभं राहायचं, म्हणजे गोड बोलण्यालाही काही मर्यादा येते. आमच्या कामात दुसरा इलाजच नसतो. डोळ्यांच्या बाहुल्यांमधलं अंतर पट्टीने मोजायचं, फ्रेम नाकावर नीट बसते का बघायचं, कानामागे काडी टोचते का विचारायचं. तेवढा वेळ समोरच्याला बघायला माझ्या तोंडाशिवाय काही नसतं. मग तो बघतो, आणि बघितलं की बोलतो.

एका बाईंनी विचारलं, पोट साफ होतं का. दुसऱ्या म्हणाल्या, लग्न झालं की जातात हो हे. माझ्या लग्नाला तेव्हा दहा वर्षं होऊन गेली होती. एक गृहस्थ तर आयुष्यात पहिल्यांदाच चष्मा लावत होते. काच डोळ्यांपुढे आली आणि म्हणाले, अरेच्चा, तुमच्या तोंडाला काय झालं? मी म्हटलं, चला, नंबर बरोबर निघाला. मालकीणबाईंनी काउंटरमागून डोळे वटारले. गृहस्थ मात्र हसले, म्हणून त्या दिवशी माझं निभावलं.

हसण्यावारी नेत होते, पण दुखायचं फार. कॉलेजच्या वयात येतात तसले हे नव्हते. ते कपाळावर, नाकावर येतात, चार दिवस मिरवतात आणि जातात. हे जबड्याच्या कडेने, कानाखाली, मानेपर्यंत. खोल आत गाठ धरायची, ना पिकायची ना फुटायची. उशीवर गाल टेकला की कळ जायची. एक बसला की शेजारी दुसरा उठायचा, आणि बसलेला काळा डाग ठेवून जायचा. जो तो म्हणायचा, हार्मोन बिघडलेत. जसं काही माझे हार्मोन कुणी उनाड भाचे होते आणि मी त्यांना धाक लावायचा होता.

बिघडणार नाहीत तर काय होईल? मूल व्हावं म्हणून सहा वर्षं मी या शरीरात काय काय घातलं, त्याची गणती नाही. पोटात इंजेक्शनं, सकाळच्या गोळ्या, रात्रीच्या गोळ्या. तीनदा दिवस गेले. दिवस गेले म्हणतात ना, माझे तिन्ही वेळा खरंच गेले. पहिल्या दोन वेळा अगदी लवकर, आनंद नीट पचायच्या आत. आणि दोन्ही वेळा मी बातमी आधीच सांगून बसले होते, त्यामुळे नंतर घरोघरी ती परत घ्यावी लागली. तिसरं पाचव्या महिन्यात गेलं. त्या वेळी मला भूल दिली होती. जाग आली तेव्हा सगळं आवरलेलं होतं, आणि मी कुणाला काही विचारलं नाही. घरी आले, सगळी औषधं कचऱ्याच्या पिशवीत भरली आणि पिशवीला गाठ मारली. फोड सुरू झाले ते त्यानंतर.

घरात आम्ही तिघं. मी, नवरा आणि सासूबाई. नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. शांत माणूस, इतका की कधी कधी डोक्यात तिडीक जाते. मी दहा वाक्यं बोलावीत तेव्हा तो एक बोलणार, आणि तेही ‘बरं’ असणार. सासूबाईंनी आयुष्यभर शाळेचे गणवेश शिवले आणि त्यात डोळ्यांची वाट लावून घेतली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि ऑपरेशन म्हटलं की त्यांच्या अंगाला कापरं भरायचं, म्हणून वर्षानुवर्षं पुढे ढकललेलं. त्यांना मी दिसायचे ती नुसती हलणारी सावली. खरं सांगते, मला ते बरं वाटायचं. माझं तोंड न दिसणारं जगात एकच माणूस होतं, आणि ते माझ्या घरात राहत होतं.

शेवटी नवराच मला स्किनच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. एका सकाळी उशीच्या अभ्र्यावर रक्ताचे डाग बघितले त्याने, अभ्रा काढून भिजत टाकला आणि म्हणाला, आज अर्धी सुट्टी घे.

डॉक्टर बाई होत्या, हसण्याचं काम दुसऱ्या कुणाकडे दिल्यासारख्या. गार बोटांनी माझा जबडा चाचपला, पाळीचं विचारलं, हनुवटीवरच्या केसांचं विचारलं, आधीच्या औषधांची फाइल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. मग म्हणाल्या की वरून कितीही चोपडा, याचं मूळ आत आहे. एक गोळी आहे. मुळात ती ब्लडप्रेशरची, अंगातलं जास्तीचं पाणी काढणारी. पण बाईच्या शरीरात थोडे पुरुषी हार्मोन असतात, त्यांचा चेहऱ्यावर चालणारा धुडगूस ती थांबवते. लगेच गुण येत नाही, तीन महिने धीर धरावा लागेल. लघवीला सारखं जावं लागेल, उठताना चक्कर येईल, छाती दुखेल, पाळी मागेपुढे होईल. मधूनमधून रक्त तपासू, बीपी बघू. एवढं सगळं त्या एका सुरात म्हणाल्या, आणि मग त्यांचं पेन थांबलं.

"गोळी चालू असताना दिवस जाता कामा नयेत. बाळाला धोका असतो," त्या म्हणाल्या. "पुढे मूल हवंय का तुम्हाला? हवं असेल तर मी ही देणार नाही. दुसरं काहीतरी बघू, पण इतका गुण येणार नाही."

गावभराला उत्तरं देणारी मी, माझ्या तोंडातून शब्द फुटेना. मी त्या पेनाच्या टोकाकडे बघत राहिले. नवरा शेजारी बसला होता, हत्यारांची पिशवी मांडीवर घेऊन.

"द्या गोळी," तो म्हणाला.

झालं. सहा वर्षांचा निकाल दोन शब्दांत लागला. जिना उतरताना मला त्याचा इतका राग आला होता की वाटलं, इथेच त्याच्या पिशवीतला पाना काढून त्याच्या टाळक्यात घालावा. एकदा तरी माझ्याकडे बघायचं. आणि त्याच वेळी माझा जीव भांड्यात पडला होता, हेही तितकंच खरं. मला परत त्या टेबलावर झोपायचं नव्हतं. मला नको म्हणायचं होतं आणि माझ्या जिभेला ते जमलं नव्हतं. त्याने माझ्या वतीने म्हणून टाकलं. मी धरून चालले की त्याच्यापुरता विषय संपला. जळालेली मोटर हा माणूस जळाली म्हणतो आणि दुसऱ्या इमारतीत जातो, तसंच हे. घरी आल्यावर आम्ही त्यावर अवाक्षर काढलं नाही.

गोळी सुरू केली. पहिला महिना नुसती बाथरूमच्या वाऱ्या. मालकीणबाई म्हणाल्या, तुझी खुर्ची तिकडेच टाकू का? दुसऱ्या महिन्यात फोड वाढले, तेव्हा मी डॉक्टरांना फोनवर चार शब्द सुनावलेही. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, घेत राहा. मग तिसऱ्या महिन्यात, एक दिवस तोंड धुताना बोटांना काही लागेना. हनुवटी, जबडा, कानाखाली, सगळीकडे हात फिरवला. आरशापुढे मान वाकडी करकरून बघितलं. डाग होते थोडे, पण गाठ एकही नव्हती. मी आरशातल्या बाईला जीभ काढून दाखवली.

मधल्या काळात सासूबाईंच्या डोळ्यांची ऑपरेशनंही उरकली होती. एकदा पहिला डोळा झाला आणि काहीच दुखलं नाही म्हटल्यावर दुसऱ्यासाठी त्यांनीच घाई केली. महिन्याभराने नंबर स्थिर झाला, तसा त्यांचा चष्मा मीच आमच्या दुकानात करून घेतला. घ्यायला आल्या त्या दिवशी दुकानात गर्दी होती. मी त्यांना स्टुलावर बसवलं, चष्मा चढवला आणि उजवी काडी सैल वाटली म्हणून बारीक पेचकस घेऊन तिचा स्क्रू आवळत बसले. माझं सगळं लक्ष त्या स्क्रूवर. तो एकदा खाली पडला की देवालाही सापडत नाही.

सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. मग त्यांनी माझ्या गालाला हात लावला.

"अगं, केवढं तेज आलंय तुझ्या चेहऱ्यावर," त्या हळूच म्हणाल्या. "काही आहे का?"

मला काय वाटलं असेल? तीन महिने ज्याची वाट बघितली ते शेवटी कुणीतरी बोललं. मी म्हटलं, आहे की.

"किती झाले?"

"तीन महिने झाले."

"तीन महिने!" त्यांचा हात माझ्या गालावरच राहिला. "आणि मला पत्ता नाही. डॉक्टरांकडे जातेस ना वेळेवर?"

जाते की, मी म्हटलं, रक्त तपासलं, बीपी बघितलं, सगळं व्यवस्थित आहे म्हणाल्या. डोकं हलवू नका आई, स्क्रू निसटेल.

"आधी का नाही गं सांगितलंस?"

"म्हटलं, तीन महिने जाऊ देत. मग बघू."

"शहाणी आहेस," त्या म्हणाल्या. "यावेळी नाही सांगितलंस ते चांगलं केलंस. अजूनही कुणाला बोलू नकोस. मीही नाही बोलणार."

यावेळी, हा शब्द माझ्या कानांवरून गेला, आत शिरला नाही. मला वाटलं, तोंडावरच्या फोडांना औषध घेते हे चारचौघांत कशाला सांगायचं, असं त्यांचं म्हणणं असेल. जुन्या माणसांना औषधांची लाज वाटते. मी स्क्रू आवळला, काच पुसली आणि पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली. त्या मात्र निघताना दारापाशी थांबल्या आणि मागे वळून मला नीट, डोळे भरून बघून गेल्या.

त्या दिवसापासून माझी चैन सुरू झाली. कपड्यांनी भरलेली बादली उचलायला गेले की ती आधीच उचललेली. वरच्या फळीवरचा डबा काढायला स्टुलावर चढले तर खाली उतरवलं, स्वतः चढल्या, सत्तरीच्या बाई. मी सारखी उठते म्हणून बाथरूमच्या वाटेवरचा दिवा रात्रभर चालू. ताटात माझ्यासाठी साय वेगळी काढलेली. मी चिडवलं त्यांना, आई, एका चष्म्याची एवढी लाच? त्या हसायच्या आणि माझ्या पाठीवरून हात फिरवायच्या. मला वाटायचं, नीट दिसायला लागलं म्हणून बाई खुशीत आहेत. आणि मला आवडत होतं हो ते. माझी आई जाऊन वीस वर्षं झाली. साय काढून ठेवणारं त्यानंतर कुणी नव्हतं. मी ती मुकाट्याने खात होते.

मग एका दुपारी नवरा दुकानात आला. कामावरच्या कपड्यांत, हाताला काळं ग्रीस. तो कधीच येत नाही, म्हणून मला आधी वाटलं, आईंना काही झालं. पण तो गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसला, माझ्या समोर, माप घ्यायला बसतात तसा. जेवायची वेळ होती आणि दुकान रिकामं होतं.

"आई म्हणते ते खरंय?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, काय म्हणते?

"तिसरा महिना आहे म्हणते. तू स्वतः सांगितलंस म्हणते."

आधी मला काही कळेना. मग एकदम सगळं कळलं. ते तेज, ते ‘किती झाले’, ती बादली, तो दिवा, ती साय. सारखी लघवीला जाते, चक्कर येते, छाती धरून जिना उतरते. त्या बाईंचा कुठे चुकला होता हिशोब? मला हसू आलं. मी हसत हसतच सांगायला लागले की अरे, मी गोळीचं बोलत होते, गोळीला तीन महिने झाले म्हटलं, आणि त्यांनी बिचाऱ्यांनी... मग माझं लक्ष त्याच्या चेहऱ्याकडे गेलं. तो हसत नव्हता.

"हो," तो म्हणाला. "येताना वाटेत मला तेच वाटलं. गोळीचे तीन महिने असतील."

पण तो उठला नाही. तसाच बसून राहिला. हातातलं फडकं बोटांना गुंडाळत होता, सोडत होता.

"मला वाटलं, सोडली असशील तू गोळी," तो म्हणाला. "मला न सांगता."

 तोच म्हणाला होता ना, द्या गोळी? मी त्याला तसं विचारलंही. तो म्हणाला, मीच म्हणालो. आणि मग अगदी हलक्या आवाजात त्याने विचारलं की पाळी कधी आली होती.

आली नव्हती. मागच्या महिन्यात आली नव्हती आणि या महिन्यातही अजून पत्ता नव्हता. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं म्हणून मी मनावर घेतलं नव्हतं. पण काळजी घ्यायला आम्ही एकदा चुकलो होतो. ते त्यालाही माहीत होतं आणि मलाही, आणि दोघांनीही ते माहीत नसल्यासारखं केलं होतं.  खरंच असेल, तर मी रोज रात्री पाण्याच्या घोटाबरोबर त्याला काय पाजत होते? आणि तरी, हे मी आजवर कुणाला बोलले नाही, त्या क्षणी मला ते हवं होतं. टेबल, भूल, रक्त सगळं विसरून, अक्कल गहाण टाकून हवं होतं.

तो खाली औषधाच्या दुकानात जाऊन तपासायची पट्टी घेऊन आला. आमच्या दुकानाचं बाथरूम मागे आहे, काचा घासायच्या यंत्राच्या पलीकडे. मी आत गेले. तो बाहेर उभा राहिला. लिफ्टमध्ये माणसं अडकतात तेव्हा दार उघडेपर्यंत त्यांच्याशी बाहेरून बोलत राहायचं, हे त्यांना कामावर शिकवलेलं असतं.

"मी इथेच आहे," तो दारातून म्हणाला. मग काहीच बोलला नाही.

मी पट्टी बेसिनच्या कडेवर ठेवली आणि भिंतीला टेकून उभी राहिले. एक रेघ आली. मी दुसरीची वाट बघत राहिले, सांगितलं होतं त्याहून कितीतरी जास्त वेळ. पट्टी उजेडाला धरली, तिरकी केली. बारीक अक्षर वाचायला गिऱ्हाइकांना देतो ते भिंग बाहेर काउंटरवर होतं, तेही आणावंसं वाटलं. पण माझी नजर चांगली आहे. तिथे काही नव्हतं.

"नाही," मी आतूनच म्हटलं.

बाहेर त्याची पावलं यंत्रापर्यंत गेली.

"बरं झालं," तो म्हणाला. "गोळी चालू होती ना."

मी दार उघडलं. तो यंत्राला दोन्ही हात टेकून, माझ्याकडे पाठ करून उभा होता, आणि त्याची पाठ हलत होती. तिन्ही वेळा मी रडून आकांत केला होता, तेव्हा हा माणूस चहा करून आणत होता, चादरी बदलत होता, फोन घेत होता. त्याला रडताना मी पहिल्यांदा बघत होते. आणि मला काय सुचावं? मला राग आला. मी त्याच्या पाठीवर बुक्की मारली आणि म्हटलं, मग त्या दिवशी का म्हणालास द्या गोळी? एकदा माझ्याकडे बघायचंस तरी!

"तुझ्याकडेच बघत होतो," तो म्हणाला. "तू पेनाकडे बघत होतीस."

 तो वळला. ग्रीसच्या हातांनी डोळे पुसल्याने तोंडभर काळं झालं होतं. तो म्हणाला, तुला परत त्यातून जायचं नव्हतं. मी म्हटलं, नव्हतं. मग झालं तर, तो म्हणाला.

"सोडू का गोळी?" मी विचारलं.

त्याने मान हलवली, नको म्हणून. यंत्राच्या ट्रेमधलं पांढरं पाणी बोटाने उगाचच ढवळलं. मग म्हणाला, "मुलगी होती."

कोण, हे मी विचारलं नाही.

"तू शुद्धीवर नव्हतीस. नर्सने विचारलं, बघायचंय का. मी घेतली हातात. एवढीशी. तू कधी विचारलं नाहीस, म्हणून मी सांगितलं नाही." तो थांबला. "तुझी हनुवटी होती तिला. हुबेहूब."

माझा हात आपोआप हनुवटीवर गेला. किती शिव्या घातल्या होत्या मी या हनुवटीला. तिला लेप लावले, टोचलं, पिळलं, ओढणीखाली लपवलं, आणि घरातल्या घरात हा माणूस रोज तिच्याकडे बघत होता आणि एक शब्द बोलत नव्हता. मी तिथेच, ओल्या फरशीवर, खाली बसले आणि मोठ्याने रडले. त्याने मला उठवायचा प्रयत्न केला नाही. तोही माझ्या शेजारी बसला. मालकीणबाई जेवून आल्या, आम्हा दोघांना बघितलं आणि काही न विचारता पुढे जाऊन दुकानाचं दार लोटून घेतलं. त्या बाईंबद्दल मी पुन्हा कधी वाकडं बोलले नाही.

आईला मी सांगतो, असं तो म्हणाला होता. मी म्हटलं, नको, त्यांनी मला विचारलं होतं, उत्तरही मीच देणार.

संध्याकाळी घरी गेले तर सासूबाई खिडकीशी बसून सुईत दोरा ओवत होत्या. कित्येक वर्षांनी त्यांना ते जमत होतं आणि त्यांनी लगेच ते मला दाखवलं. मी त्यांच्या पायाशी बसले. बोलायला सुरुवात कशी करायची, हे वाटेत चार प्रकारे ठरवलं होतं, त्यातलं एकही आठवेना. मी सरळच सांगितलं की आई, तुमचा गैरसमज झाला आणि माझाही झाला, असं काही नाहीये. मी तोंडावरच्या फोडांना औषध घेते, त्याला तीन महिने झाले, मी ते सांगत होते.

त्यांनी सुई खाली ठेवली. चष्म्यातून मला निरखून बघितलं, कपाळ, गाल, हनुवटी.

"मग हे तेज कशाचं?" त्यांनी विचारलं.

"गोळीचं."

 मी सगळं सांगून टाकलं. की गोळी चालू असताना मूल होऊ द्यायचं नसतं. की डॉक्टरांनी आधी विचारलं होतं. की आम्ही दोघांनी मिळून हो म्हटलं. हे शेवटचं म्हणताना मी अडखळले, कारण दुपारपर्यंत ते खरं नव्हतं.

"किती दिवस घ्यायची?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, सोडली की परत येतात म्हणतात. घ्यावी लागेल बरीच वर्षं. पाळी कायमची जाईपर्यंतही कदाचित.

त्यांना हिशोब कळला. गणवेश शिवून हिशोबाला पक्क्या झालेल्या बाई होत्या. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. खालच्या रस्त्यावरून गाड्या जात होत्या. कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. त्यांच्या मांडीवर डोकं टेकून मी कितीतरी वेळ तशीच बसले, आणि त्यांच्या पोटातून हुंदके येत होते ते मला गालाला कळत होते.

दुसऱ्या दिवशी बादली मी उचलली. त्यांनी बघितलं, पुढे आल्या, थांबल्या आणि उचलू दिली. साय मात्र वेगळी काढलेली होती. मी ती खाल्ली.

रात्री जेवणं झाली. नवरा ताटं गोळा करत होता, मी ओटा पुसत होते. सासूबाई त्यांच्या खुर्चीत चष्मा लावून बसल्या होत्या. तिथून त्यांनी, दिवा घालवलास का, दूध झाकलंस का, असं विचारतात त्याच आवाजात मला विचारलं.

"गोळी घेतलीस का गं?"

नवऱ्याच्या हातातली ताटं क्षणभर थांबली. त्याने पेल्यात पाणी ओतलं आणि पेला माझ्यापुढे ठेवला.

"घेते, आई," मी म्हटलं, आणि घेतली.